मागचे टायर पुन्हा पुन्हा आतून खाल्ले जातात आणि पकड सुटते: नवा जोड घेण्यापूर्वी काय तपासावे

जास्त ताकदीच्या रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या) गाड्यांच्या मालकांकडून एक तक्रार सतत ऐकू येते, आणि ती मी स्वतः लागोपाठ दोन वेळा अनुभवली आहे. मागच्या टायरचा नवा जोड बसवला की पहिले तीन-चार हजार किलोमीटर गाडी अगदी मनासारखी चालते. त्यानंतर वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला तरी मागची बाजू सरकू लागते, ओल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्येही ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरू न देणाऱ्या प्रणालीचा) दिवा लुकलुकतो, आणि दहा-बारा हजारांच्या सुमारास टायर उतरवून पाहिले तर बाहेरच्या बाजूने नक्षी शाबूत असते, पण आतली कड जवळजवळ तारा दिसेपर्यंत झिजलेली असते. अशा वेळी सगळा राग टायरवर निघतो आणि पुढचा जोड अधिक मऊ, अधिक रुंद किंवा अधिक महाग घेतला जातो. मीही तेच केले होते. दुसरा जोड पहिल्यापेक्षा मऊ होता आणि तो पहिल्यापेक्षा लवकर संपला.

या तक्रारीत दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले असतात, हे मला तिसऱ्या जोडाच्या वेळी कळले. टायर आतून खाल्ला जाणे हा बहुतेक वेळा गाडीच्या भूमितीचा, म्हणजे चाकांच्या कोनांचा, आणि सस्पेन्शनचा दोष असतो, तर पकड सुटणे हा कंपाउंड (टायरच्या रबराचे मिश्रण), तापमान, हवेचा दाब आणि इंजिनची ताकद यांच्यातील हिशेबाचा प्रश्न असतो. पहिला दोष दुरुस्त केल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नासाठी टायर निवडला, तर तो कितीही चांगला असला तरी त्याची परीक्षाच होत नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की टायरची निवड सर्वांत शेवटी येते.

जुना टायर फेकण्यापूर्वी वाचावा

दुकानात जुने टायर उतरले की ते लगेच ढिगात जातात आणि त्यांच्याबरोबर सगळा पुरावाही जातो. ते बाजूला ठेवायला सांगावे, डावा-उजवा अशी खडूने खूण करावी आणि खोली मोजण्याच्या गेजने प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी खाचेची खोली मोजावी. या प्रकारचे नवे टायर साधारण ८ मिमी खोलीचे असतात, आणि खाचांच्या तळाशी दिसणाऱ्या झीजदर्शक पट्ट्या १.६ मिमीला नक्षीच्या पातळीत येतात. माझ्या दुसऱ्या जोडाच्या डाव्या टायरवर बाहेर ५.०, मध्ये ४.२ आणि आत जेमतेम १ मिमी खोली उरली होती, तर उजव्या टायरच्या आतल्या कडेला अजून २.५ मिमी शिल्लक होते. डाव्या-उजव्यातला हा फरकच पुढे खरा दोष सापडण्यास कारणीभूत ठरला.

गेजनंतर तळहाताचे काम येते. टायर आडवा ठेवावा आणि नक्षीवरून हात आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत सावकाश फिरवावा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेने नक्षीच्या ठोकळ्यांच्या धारा बोटांना टोचल्या, तर चाक सरळ न लोळता तिरके घासत चालले होते, म्हणजे टो (वरून पाहिल्यास चाक प्रवासाच्या दिशेपासून आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) बिघडलेला आहे, असे समजावे. दोन्ही दिशांनी सारखाच गुळगुळीतपणा असून फक्त आतली बाजू खाली गेली असेल, तर कॅम्बरचा, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून झुकण्याच्या कोनाचा, वाटा मोठा आहे. मधला पट्टा जास्त झिजला असेल, तर हवा जास्त आहे, रिमच्या मानाने टायर फार रुंद आहे किंवा चाक वारंवार जागेवर फिरले आहे. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील, तर हवा कमी आहे. रबराचा पृष्ठभाग निळसर, चकचकीत झालेला किंवा बारीक गोळ्या धरल्यासारखा दिसत असेल, तर टायर त्याच्या सोयीच्या तापमानापलीकडे वापरला गेला आहे.

अलाइनमेंटचा कागद हिरवा असला तरी

गाडी खाली बसवलेली असेल, म्हणजे छोट्या स्प्रिंग लावून उंची कमी केलेली असेल, तर मल्टिलिंक सस्पेन्शनमध्ये (ज्यात प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी, म्हणजे आर्मनी, धरलेले असते) मागच्या चाकांचा ऋण कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकणे, वाढतो आणि त्याबरोबर टोसुद्धा सरकतो. बहुतेक लोक कॅम्बरलाच दोष देतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. परंतु रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत दीड-दोन अंशांचा कॅम्बर टायरला एवढा लवकर मारत नाही, टो मारतो. चाक प्रवासाच्या दिशेपेक्षा फक्त ०.२ अंश तिरके असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते साडेतीन मीटर आडवे ओढले जाते. दहा हजार किलोमीटरमध्ये हा आकडा ३५ किलोमीटर होतो, आणि कॅम्बरमुळे ज्या कडेवर भार जास्त आहे तीच कड हे सगळे घासणे सोसते. आतून खाल्लेल्या टायरचे कारण बहुधा या दोन गोष्टींची जोडी असते.

माझ्या गाडीची अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून बसवणे) दोन वेळा केली गेली होती आणि दोन्ही वेळा सगळे आकडे मर्यादेत, म्हणजे कागदावर हिरव्या रंगात, आले होते. तरीही डावा टायर खाल्ला जातच राहिला. कारण असे होते की अलाइनमेंट मोजताना गाडी उभी असते आणि टायर मात्र ती धावत असताना झिजतो. मागच्या आर्मचे रबरी बुश (आर्मच्या सांध्यातील रबरी नळ्या) जुने होऊन फाटले, की गाडी जोर लावते किंवा ब्रेक मारते तेव्हा आर्म काही मिलिमीटर पुढे-मागे सरकतो, चाकाचा टो त्या क्षणी बदलतो आणि गाडी थांबली की सगळे पुन्हा जागेवर येते. तिसऱ्या कार्यशाळेतील मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, पहार लावून आर्म हलवला, आणि डाव्या बाजूच्या एका बुशमधील चीर एखाद्या तोंडासारखी उघडताना मी स्वतः पाहिली. उजव्या बाजूचा तोच बुश हललाही नाही. आधीच्या दोन ठिकाणी हे का पाहिले गेले नाही, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती तपासणी दहा मिनिटांची होती आणि ती झाली असती तर टायरचे दोन जोड वाया गेले नसते.

त्यामुळे माझे ठाम मत असे आहे की ज्या गाडीने मागचा जोड वेळेआधी संपवला आहे, तिचे बुश, बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग पहार लावून तपासल्याशिवाय तिला नवे टायर बसवू नयेत. अलाइनमेंट त्यानंतर करावी, तीही इंधनाची टाकी निम्म्याहून अधिक भरलेली ठेवून आणि शक्य असेल तर चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतका भार ठेवून. मागचा टो दोन्ही बाजूंना सारखा आणि किंचित आत ठेवलेला असावा. ‘मर्यादेत आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण मर्यादेच्या एका टोकाला डावे चाक आणि दुसऱ्या टोकाला उजवे चाक असले तरी कागद हिरवाच येतो.

हवा

हवेबद्दल थोडक्यात सांगतो. दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेला दाब हा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे. वातावरणाचे तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने घटले की दाब सुमारे १ पीएसआयने (दर चौरस इंचावरील पौंड, हवेच्या दाबाचे एकक) उतरतो, त्यामुळे ऋतू बदलला की हवा पुन्हा तपासावी लागते. नेहमीच्या रस्त्यावर अर्धा तास चालवल्यानंतर दाब थंड दाबापेक्षा ४ ते ६ पीएसआयने वाढणे अपेक्षित आहे. त्याहून बराच जास्त वाढत असेल, तर सुरुवातीचा दाब कमी आहे आणि टायरची बाजूची भिंत जास्त वाकून तापते आहे. पकड वाढावी म्हणून मागची हवा उतरवण्याचा सल्ला अनेक जण देतात. रेसच्या ट्रॅकवर त्याला अर्थ आहे, पण महामार्गाच्या वेगाने पावसात जाणाऱ्या गाडीत तो धोक्याचा आहे. विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून आलेल्या जुन्या ठोकताळ्यानुसार, रस्त्यावर पाणी साचलेले असेल आणि नक्षी ते बाहेर टाकू शकत नसेल, तर ३२ पीएसआयचा टायर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास पाण्यावर तरंगू लागतो आणि २६ पीएसआयचा टायर ताशी ८५ च्या आसपासच तरंगतो.

कोणताही टायर जे करू शकत नाही

गाडीची भूमिती नीट आहे, बुश धडधाकट आहेत, हवा बरोबर आहे आणि तरीही मागची चाके फिरतात, अशी तक्रार उरली असेल, तर पुढचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४५० न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६ आणि डिफरन्शिअलचे (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचे) ३.२ आहे. म्हणजे अ‍ॅक्सलवर जवळजवळ ५,१८० न्यूटन-मीटर पोहोचतात, आणि चाकाची त्रिज्या साडेबत्तीस सेंटिमीटर धरली तर टायर रस्त्याला सुमारे १५,९०० न्यूटनने मागे ढकलू पाहतो. गाडीचे वजन १,६०० किलो असेल आणि जोरात निघताना त्यातील ९०० किलो मागच्या चाकांवर येत असतील, तर घर्षणाचा गुणक १.० असलेला चांगला टायर कोरड्या रस्त्यावर जास्तीत जास्त ८,८०० न्यूटन पेलू शकतो. मागणी जवळपास दुप्पट आहे. बाजारातील रस्त्यावर चालवायचा कोणताही टायर हे अंतर भरून काढू शकत नाही. पहिल्या गिअरमध्ये उजव्या पायालाच ते काम करावे लागते.

दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.१ धरले तर मागणी ९,३०० न्यूटनवर येते. येथे मात्र टायरची निवड खऱ्या अर्थाने जाणवते, कारण १.० गुणकाचा टायर सुटतो आणि १.१ गुणकाचा टायर धरून ठेवतो. तिसऱ्या गिअरमध्ये १.४ गुणोत्तराला मागणी ६,२०० न्यूटन उरते आणि कोरड्यावर कुठलाही बरा टायर ती सहज पेलतो. पण रस्ता ओला झाला आणि गुणक ०.६ पर्यंत उतरला, की पकड ५,३०० न्यूटनवर येते आणि तिसऱ्या गिअरमध्येही, म्हणजे चांगल्या वेगात, मागचे चाक सुटू शकते. हा आकडा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझ्या मते ताकदीच्या गाडीचा टायर निवडताना कोरड्या रस्त्यावरील पकडीच्या आधी ओल्या रस्त्यावरील पकड पाहिली पाहिजे. कोरड्यावर पहिल्या गिअरमध्ये चाक फिरले तर फार तर रबर जळते. ओल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ते फिरले तर गाडी आडवी जाते.

ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. प्रणाली चाकाला हळूच ब्रेक लावून आणि इंजिनची ताकद कापून घसरण लपवते, त्यामुळे चालकाला वाटते की सगळे सुरळीत आहे, पण टायरचा पृष्ठभाग प्रत्येक वेळी थोडा तापतो आणि थोडा खरवडला जातो. दिवा रोज लुकलुकत असेल, तर नक्षीचा मधला पट्टा त्याची किंमत मोजत असतो.

आता टायर

रस्त्यावरील ताकदीच्या गाड्यांसाठी प्रामुख्याने तीन गट विचारात येतात. उत्तम उन्हाळी टायरच्या गटात मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट यांसारखे टायर येतात. त्यांच्यात पाणी बाहेर टाकणाऱ्या रुंद खाचा असतात आणि ते थंड असतानाही बरीच पकड देतात. ट्रॅककडे झुकलेल्या गटात पायलट स्पोर्ट कप २ यांसारखे टायर येतात. त्यांना नीट पकड देण्यासाठी आधी तापावे लागते, त्यांच्यातील खाचा कमी असतात आणि साचलेल्या पाण्यात ते लवकर हार मानतात. तिसरा गट सर्व ऋतूंच्या स्पोर्ट टायरचा आहे, आणि जेथे हिवाळ्यात पारा बराच काळ ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहतो तेथे वर्षभर एकच जोड वापरणाऱ्यासाठी तो योग्य आहे, कारण त्या तापमानाखाली उन्हाळी कंपाउंड टणक होत जाते आणि गोठणबिंदूखाली त्याला चिरा पडण्याचीही भीती असते.

माझ्या दुसऱ्या जोडाची चूक येथेच झाली होती. तो दुसऱ्या गटातला होता. रोज पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासात तो कधी नीट तापलाच नाही, म्हणून ज्या पकडीसाठी तो घेतला ती मला मिळाली नाही, आणि मऊपणामुळे होणारी झीज मात्र पुरेपूर मिळाली. ज्याची गाडी वर्षातून दोन-चार दिवस ट्रॅकवर आणि उरलेले दिवस रस्त्यावर असते, त्याने पहिल्या गटातला टायर घ्यावा आणि ट्रॅकसाठी शक्य असल्यास रिमचा वेगळा संच ठेवावा.

टायरच्या भिंतीवरील ट्रेडवेअरच्या, म्हणजे झीज सोसण्याच्या, आकड्याबद्दल बराच गैरसमज आहे. हा अमेरिकेतील वर्गीकरणाचा भाग आहे. टेक्सासमधील ठरलेल्या मार्गावर ७,२०० मैल चालवून संदर्भ टायरच्या तुलनेत झीज मोजली जाते आणि त्यावरून उत्पादक स्वतः आकडा ठरवतो. त्यामुळे एकाच उत्पादकाच्या दोन टायरमध्ये, उदाहरणार्थ ४एसच्या ३०० आणि कप २च्या १८० मध्ये, तुलना करायला तो उपयोगी आहे, पण दोन उत्पादकांच्या आकड्यांची तुलना करून किलोमीटरचा अंदाज बांधू नये. हौशी स्पर्धांच्या अनेक गटांत किमान २०० ही अट असते, म्हणून २०० असा शिक्का असलेले टायर एकमेकांपासून फार वेगळे निघू शकतात. त्याच वर्गीकरणातील एए, ए, बी, सी ही ट्रॅक्शनची श्रेणी फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याची आहे. वळणातील पकड किंवा पाण्यावर तरंगणे तिच्यात मोजलेले नसते. युरोपीय लेबलवरील ए ते ई ही ओल्या पकडीची श्रेणीसुद्धा नव्या टायरच्या ब्रेकिंगवरूनच दिलेली असते. दोन्ही श्रेणी पाहाव्यात, पण त्या चाळणीसारख्या वापराव्यात. ओल्या वळणाच्या स्वतंत्र चाचण्या आपल्याच मापाच्या टायरवर झालेल्या असतील तर त्यांना अधिक वजन द्यावे.

रुंदी वाढवली की पकड आपोआप वाढते, हा समज सर्वांत महागात पडतो. रस्त्याला टेकणाऱ्या ठशाचे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. एका चाकावर ४४० किलो भार आणि सुमारे अडीच बार दाब असेल, तर ठसा साधारण पावणेदोनशे चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे पसरलेल्या तळहाताएवढा असतो, आणि रुंद टायर घातला तर तोच ठसा आडवा पसरून लांबीला आखूड होतो. वळणात आणि तापमान आवरण्यात त्याचा फायदा मिळतो, साचलेल्या पाण्यात तोटा होतो. शिवाय रिमही तेवढीच रुंद हवी. २४५/४० आर १८ साठी (म्हणजे २४५ मिमी रुंदी, तिच्या ४० टक्के उंचीची भिंत आणि १८ इंच व्यासाची रिम) साधारण ८ ते साडेनऊ इंच रुंदीची रिम चालते. २७५/३५ आर १८ ला किमान ९ इंच लागतात. साडेआठ इंचांच्या रिमवर २७५ चढवला, तर त्याच्या भिंती आत ओढल्या जातात, नक्षीचा मध्य फुगतो, मधला पट्टा लवकर संपतो आणि वळणात गाडी डुलल्यासारखी वाटते. या दोन मापांचा बाह्य व्यास अनुक्रमे ६५३ आणि ६५० मिमी, म्हणजे जवळजवळ सारखा येतो, म्हणून पुढे २४५ आणि मागे २७५ ही जोडी रिअर व्हील ड्राइव्हमध्ये चालून जाते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मात्र परिघाचा थोडासा फरकही पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला सतत राबवतो. तेथे उत्पादकाने दिलेल्या मापांपासून हलू नये, आणि दोन टायर नवे व दोन बरेच झिजलेले अशी सरमिसळही करू नये.

लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो याचा आकडा) आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नये. ९४ म्हणजे ६७० किलो, ९८ म्हणजे ७५० किलो. व्ही ताशी २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किलोमीटरपर्यंत. उत्पादकाने मंजूर केलेल्या टायरवर खास खूण असते, जसे बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ आणि पोर्शेसाठी एन व त्यापुढे अंक. त्याच नावाचा बिनखुणेचा टायर वाईट नसतो, पण त्याच्या भिंतीचा ताठरपणा आणि कंपाउंड वेगळे असू शकतात, म्हणून एकाच अ‍ॅक्सलवर खुणेचा एक आणि बिनखुणेचा एक असे कधीही बसवू नयेत.

घेताना टायरच्या भिंतीवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक, म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष, पाहावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बसवल्यावर पहिले तीनेकशे किलोमीटर संयमाने चालवावे, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर अजून पृष्ठभागावर असतो. पुढचे-मागचे माप वेगळे असेल तर टायर पुढे-मागे फिरवता येत नाहीत. दिशादर्शक बाण नसेल तर डावा-उजवा बदल मात्र करता येतो.

माझा तिसरा जोड पहिल्या गटातला, मूळ मापाचा आणि मूळ रिमवर आहे. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, नंतर अलाइनमेंट केली आणि दर अडीच हजार किलोमीटरला तीन जागी खोली मोजून वहीत लिहिली. दहा हजारांना डाव्या टायरवर आत ५.१, मध्ये ५.०, बाहेर ५.४ मिमी होते आणि उजव्यावर ५.२, ५.०, ५.४. पहिल्या गिअरमध्ये पाय जड पडला तर चाक अजूनही फिरते. तिसऱ्या गिअरमधला तो दिवा मात्र पावसातही क्वचितच दिसतो.